सण ज्याचा, कॅमेरा त्याचा

गव्हाची खीर शिजताना गूळ आणि वेलचीचा जो वास सुटतो, तो मला सोसत नाही.  घरी सगळ्यांना हे ठाऊक आहे, त्यामुळे आमच्याकडे खीर झालीच तर शेवयांची होते आणि पाहुण्यांना बायको सांगते, "ह्यांना गव्हाची चालत नाही." पाहुण्यांना वाटतं, काही पथ्य असेल. मी मान डोलावतो. इतकी वर्षं मी अशीच मान डोलावत आलो आणि आता त्या डोलणाऱ्या मानेचीच मला शिसारी येते. खिरीत काही वाईट नव्हतं, एवढं आधीच सांगून टाकतो. तिचा एक घासही मी त्या दिवशी तोंडात घातला नव्हता.

नव्वदच्या थोडं आधी लग्न करून मी मीरा रोडला आलो. मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरी एका खासगी कंपनीत कारकुनाची. कविता करायचा नाद कॉलेजपासून होता. पहिल्याच वर्षी जवळच्या एका सोसायटीच्या गणपतीत काव्यवाचन ठेवलं होतं. खरं तर कार्यक्रम ऑर्केस्ट्राचा होता. पण ऑर्केस्ट्रावाले काशीमीऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, म्हणून मंडळाच्या सेक्रेटरीने माइकवरून विचारलं, "तोपर्यंत कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा." तिघे उठलो. समोर दहा-बारा माणसं, त्यांतली निम्मी खुर्च्या राखायला बसलेली.

त्या तिघांतला एक मी. दुसरा मोरव्याचा. भाईंदर पश्चिमेच्या जुन्या गावातला, स्वतःचं घर, घरची थोडी शेती. त्याला आम्ही मोरवेकर म्हणायला लागलो. तो कविता म्हणजे लग्नातली गाणी जुळवायचा आणि हसवायचा. तिसरा मराठवाड्यातून आलेला, भाईंदरच्या एका कारखान्यात फिटर. त्याने त्या दिवशी चार ओळी म्हटल्या आणि खुर्च्या राखणारी माणसं गप्प झाली. त्याला आम्ही पहिल्या दिवसापासून कवी म्हणालो. आम्ही बाकीचे पण कविता करायचो, तरी कवी हे नाव त्याचंच. तो बौद्ध होता. हे मला दुसऱ्या भेटीत कळलं. कळल्यावर मी म्हणालो, "मी असलं काही मानत नाही." त्याने विचारलं नव्हतं.

गणपतीत मी जी कविता म्हटली तिचं नाव 'माणूस'. तिच्यात एक ओळ होती: 'जात विचारू नका, तहान विचारा.' टाळ्या मिळाल्या. पुढची दोन वर्षं संधी मिळेल तिथे मी ती म्हणत होतो. आज ती ओळ लिहितानासुद्धा तोंडात कडवट येतं.

हळूहळू आणखी दोघे येऊन पाच घरं जमली आणि आमची एक रीत पडली. मोरवेकरचा भाऊ आखातात होता, त्याने एक कॅमेरा पाठवला होता. रोल महाग, धुऊन घेणं त्याहून महाग, म्हणून छत्तीस फोटोंचा एक रोल सगळ्यांनी मिळून वापरायचा. दिवाळी माझ्याकडे, होळी मोरव्याला, असे सण वाटून घेतले होते. नियम मोरवेकरने केला: "सन ज्याचा, क्यामेरा त्याचा." म्हणजे ज्याच्या घरी सण, फोटो त्यानेच काढायचे. त्यामुळे आपल्याच घरच्या सणाच्या फोटोत कुणीच नसायचा. दुसरा नियम असा की फोटो काढणाऱ्याने त्यातल्या एका फोटोवर कविता करायची. आणि तिसरा, स्टुडिओतून पाकीट आलं की ते सगळे जमल्यावरच उघडायचं. माझं अक्षर बरं, म्हणून एका मोठ्या जाड वहीत डाव्या पानावर फोटो चिकटवायचा आणि उजव्या पानावर कविता उतरवायची, हे काम माझं. वही पाचही घरांत फिरायची. शिवाय प्रत्येक घरून निघताना यजमानीणबाई डबा भरून द्यायच्या आणि तो डबा रिकामा परत करायचा नाही, हे तर कुणी नियम म्हणून सांगायचीही गरज नव्हती.

कवी तेव्हा कारखान्यातल्या चौघांबरोबर एका खोलीत राहायचा. तिथे कसला सण? त्यामुळे तो सगळ्यांकडे यायचा, त्याच्याकडे कुणी जात नव्हतं. माझ्याकडे दिवाळीला तो पाटावर बसून जेवला. वडील गावाहून आले होते, तेही त्याच्या शेजारी बसून जेवले. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! ऑफिसात मी दोघा-तिघांना ते सांगितलंसुद्धा. आमच्या ताटात तो जेवला म्हणून मी मोठा झालो, असं मला वाटत होतं. वाढणारा हात माझा होता तोवर मी फार मोठ्या मनाचा होतो.

त्या दिवाळीचे फोटो मी काढले. त्यात एक वडिलांचा होता, गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, गुडघ्यावर टोपी. जानेवारीत वडील गेले. त्यांचा रंगीत फोटो तेवढाच, तोही अजून कॅमेऱ्यातल्या रोलवर.

मार्चमध्ये कवीने पेणकरपाड्याला भाड्याने खोली घेतली आणि गावाहून बायकोला आणलं. पहिल्या मजल्यावरची खोली, पुढे सामाईक गॅलरी, गॅलरीखालून खाजणाच्या, खाऱ्या दलदलीच्या कडेकडेने जाणारी मातीची वाट. सगळ्यांना निरोप गेला: चौदा एप्रिल आमच्याकडे. कॅमेरा त्याच्याकडे पोचता झाला. मोरवेकरने होळीला बरेच फोटो उडवले होते. रोलवर आठच उरले होते.

माझी बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली होती आणि आई तिच्या सोबतीला. हे मुद्दाम सांगतोय. पुढे कधी मनात हा विषय आला की मी स्वतःला सांगायचो, आई घरात होती, आई जुन्या वळणाची, तिला काय सांगणार होतो? धादांत खोटं. घरात कुणीही नव्हतं. किल्ली माझ्या खिशात होती.

कवीच्या खोलीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर दोन तसबिरी, त्यांना हार, खाली मेणबत्त्या. वहिनींनी पांढरं पातळ नेसलं होतं. वीस-बावीस वर्षांच्या असतील. त्यांच्या हाताला एवढी माणसं पहिल्यांदाच जेवणार होती आणि त्या दर दोन मिनिटांनी कवीला विचारत होत्या, "मीठ बघता का जरा?" कवी कॅमेरा गळ्यात अडकवून हसत होता. जेवणाआधी कविता झाल्या. मला आग्रह झाला आणि मी उभा राहून 'माणूस' म्हटली. त्या खोलीत. हात वर करून. तहानेची ओळ दोनदा म्हटली.

मग ताटं आली. भात, पुऱ्या, वाटाण्याची उसळ आणि गव्हाची खीर. माझ्या पुढे ताट आलं आणि मी हात मागे घेतला. का घेतला, हे मी इतकी वर्षं सभ्य शब्दांत शोधत होतो. सभ्य शब्द नाही. मला घाण वाटली. स्वच्छ घासलेल्या ताटाची, आंघोळ करून केस बांधलेल्या त्या मुलीच्या हाताची. लहानपणी गावात त्यांच्या वस्तीवरून जाताना आजी जसा पदर नाकाला लावायची, तो पदर माझ्या आत कुठेतरी होता आणि तो आपोआप वर आला. 'मी असलं काही मानत नाही' म्हणणारा मी, आणि हा मी, दोघे एकाच शर्टात बसलो होतो.

"पोट बिघडलंय," मी म्हणालो. "सकाळपासून. पाणीसुद्धा नको."

"अरं, एक पुरी तरी," कवी म्हणाला.

"कोकण्याला मासं न्हाय दिसलं तर पोटात दुखतंय त्याच्या," मोरवेकर भरल्या तोंडाने म्हणाला. "वहिनी, त्याचा वाटा इकडं टाका."

सगळे हसले. मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत, त्यांना खरंच काळजी वाटली. त्यांनी ओवा आणून दिला, तोही मी मुठीत धरून ठेवला. निघताना प्रत्येकाला डबा मिळाला. माझा सगळ्यांत मोठा. "भाऊजी, आज नका खाऊ. खीर उद्या लई गोड लागती," वहिनी म्हणाल्या.

पाच-साडेपाच झाले असतील. बाकीचे पुढे गेले, मी चपलेचं निमित्त करून मागे राहिलो. डबा कोमट होता. तो कोमटपणा हाताला लागत होता आणि मला एकच सुचत होतं, हे घराच्या आत न्यायचं नाही. उंबऱ्याच्या आत नाही. वाटेला वळण होतं, तिथे झुडपं होती. मी डबा उघडला, उपडा केला आणि झटकला. खीर दाट होती, लगेच पडेना. दोनदा झटकलं तरी शेवटचा गोळा लोंबतच राहिला.

"अरे कारकून! इकडं बघ की!"

मी वाकूनच मान वळवली. कवी गॅलरीत उभा होता, डोळ्याला कॅमेरा. त्याने खटका दाबला आणि हात हलवला. मीही हलवला, उपडा डबा दुसऱ्या हातात. "संपला रोल!" तो आनंदाने ओरडला. "शेवटचा तुझाच!"

स्टुडिओ माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर, म्हणून रोल धुवायला देण्याचं काम नेहमी माझ्याकडे असायचं. कवीने दुसऱ्या दिवशी रोल आणून दिला. काळी डबी टेबलावर ठेवून मी तिच्याकडे बघत बसलो. तिच्यातून फिल्म बाहेर ओढली, उजेड दाखवला की संपलं. चुकून झालं म्हणता आलं असतं. मी झाकण काढलंही होतं. पण त्या रोलवर वडील होते. मला थांबवलं ते सदसद्विवेकाने वगैरे नाही. तसं झालं असतं तर आज लिहायला बरं वाटलं असतं. माझ्या वडिलांचा फोटो वाचावा म्हणून मी थांबलो.

आठ दिवसांनी पाकीट आणायला गेलो. स्टुडिओवाला खूश होता. "लास्टवाला मस्त आया है, साब. एकदम कॅलेंडर जैसा."

पाकिटाला पिना मारलेल्या होत्या. त्या मी शेजारच्या गल्लीत, बंद दुकानाच्या पायरीवर बसून नखांनी काढल्या. आम्ही केलेल्या नियमांतला हा एकच खरा पवित्र नियम होता, तो मी त्या पायरीवर मोडला. शेवटचा फोटो खरंच सुंदर होता. तिरपं ऊन, खाजणात चकाकणारं पाणी, वाटेवरून पुढे जाणारी पाठमोरी माणसं, प्रत्येकाच्या हातात डबा. आणि अलीकडे मी. कवीच्या डोळ्याला कॅमेऱ्याच्या त्या इवल्याशा भिंगातून मी चपलेसाठी वाकलेला वाटलो असेन. पण फोटोत सगळं स्वच्छ होतं. स्टीलचा डबा उपडा, त्यावर ऊन, आणि त्यातून लोंबणारा खिरीचा गोळा. भरला डबा कुणी उपडा धरत नाही. लहान मूलही ओळखेल.

तो फोटो मी शर्टाच्या आत टाकला. घरी आल्यावर निगेटिव्हच्या पट्टीतला शेवटचा चौकोन कात्रीने कापला आणि गॅसवर जाळला. त्याचा वास सबंध घरात भरला. फोटो मात्र जाळला नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. कपाटातल्या कागदाखाली सरकवून ठेवला. पाकिटाला नव्या पिना मारल्या, जुन्या भोकांतून.

त्या रविवारी माझ्याच घरी सगळे जमले. मी सगळ्यांसमोर पाकीट उघडलं. वडिलांचा फोटो हातोहात फिरला, कवीने तो फोटो कपाळाला लावून मला परत दिला. मग त्याने बाकीचे फोटो दोनदा चाळले.

"माझा शेवटचा कुठंय?"

"जळला," मी म्हणालो. "रोलचं टोक होतं ना. उजेड लागला असणार."

"छ्या! लेका, तोच तर खरा होता." त्याचं तोंड एवढंसं झालं. "मी कविता पण त्याच्यावरच केली."

"मंग वाच की," मोरवेकर म्हणाला. "फोटू आमच्या डोल्यासमोर हाय. आमीच होतो त्याच्यात."

कवीने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. ती कविता मला पाठ आहे.

खाजणाच्या वाटेने माणसं चाललीत माझी,
पाठमोरी. हातात डबे.
माझ्या आईने जन्मात कुणाच्या दारी
भरला डबा दिला नाही.
डबा होता घरात.
दार नव्हतं.
आई, बघ,
तुझ्या सुनेची खीर
आज चार दारांतून आत शिरते आहे.

 मोरवेकरसारखा माणूस डोळे पुसत होता. आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने मी म्हणालो, "वा!"

कविता उतरवून काढायचं काम माझंच. मी नवी निब आणली. डाव्या पानावर फोटोचे चार कोपरे चिकटवले आणि मध्ये मोकळी जागा ठेवली. कवीच म्हणाला होता, "राहू दे जागा. कुणी सांगावं, निगेटिव्हातनं काहीतरी निघंल." उजव्या पानावर ती कविता इतक्या सुबक अक्षरात लिहिली की पुढे वही ज्या घरी जायची तिथे लोक आधी अक्षराचं कौतुक करायचे.

मुलगी झाली म्हणून पेढे भरून मी वहिनींचा डबा परत केला. त्यांनी तो घेतला. पेढे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "अभिनंदन भाऊजी," एवढंच म्हणाल्या. मला काही जाणवलं नाही. किंवा जाणवून घ्यायचं नव्हतं.

पुढच्या चौदा एप्रिलला मी बायको आणि मुलीला घेऊन गेलो. वर्षभर मी स्वतःला तयार केलं होतं. ताट आलं, मी पुऱ्या खाल्ल्या, उसळ खाल्ली, खीर दोनदा मागून घेतली आणि प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणालो, "वहिनी, झकास!" घास गिळताना माझं लक्ष चवीकडे नव्हतं, कवी बघतोय की नाही याकडे होतं. वहिनी मुकाट वाढत होत्या. निघताना सगळ्यांना डबे मिळाले. मला त्यांनी एक नारळ दिला. सोललेला, शेंडीसकट.

"तुमाला नारळ ठिवलाय, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "वाटंत सांडत न्हाई."

माझे कान तापले. त्या वाटेनेच तर त्या रोज पाण्याला जायच्या. वळणावरच्या झुडपापाशी मुंग्या लागलेली खीर त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिली असणार, आणि आपल्या हातची खीर बाईला ओळखू येते. त्यांनी नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं, हेही मला तिथेच कळलं, कारण कवी पाठीमागून माझ्या गळ्यात हात टाकून मोरवेकरशी गप्पा मारत होता.

वाटेत बायकोने विचारलं, "आपल्यालाच नारळ का?"

"मुलगी लहान आहे ना. ओटीचा असेल."

"त्यांच्यात कुठे असतं तसं?" ती म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, "मला खीर हवी होती. किती छान झाली होती."

मी नारळ या हातातून त्या हातात घेत राहिलो.

असे सहा नारळ मी आणले. सहा वर्षं. प्रत्येक एप्रिलला वहिनी चारचौघांत हसून नारळ द्यायच्या आणि मी हसून घ्यायचो. मोरवेकरने तर त्याचा विनोदच केला: "कोकण्याला नारलाबिगर झोप येत न्हाय." नारळ फोडून त्याचं खोबरं आम्ही खायचो. मला कधी वाटायचं, कवीला गाठून सांगून टाकावं. कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन परत आलो आहे. सांगितलं तर तो जाईल, ही भीती होती. तो गेला तर वही राहणार नाही, सण राहणार नाहीत, 'माणूस' ऐकून टाळ्या वाजवणारी माणसं राहणार नाहीत. मैत्रीची जेवढी काळजी होती, तेवढीच या टाळ्यांची. कधी कधी जास्तच.

मग कवीचा कारखाना बंद पडला. आठ-नऊ महिने त्याने इकडेतिकडे कामं केली आणि शेवटी गावी परत जायचं ठरवलं. आम्ही ठरवलं की वही त्याला द्यायची. एकमताने. मोरवेकर म्हणाला, "त्याच्याबिगर वहीत हाय काय? नुसती तोंडं." वही तेव्हा माझ्याकडे होती, म्हणून पोचवायचं माझ्यावर आलं.

त्या सकाळी मी कपाटातला कागद उचलला. फोटोचे रंग जरा लालसर झाले होते, डबा तसाच चमकत होता. चार कोपरे इतकी वर्षं रिकामे होते. मी फोटो त्यांत बसवला. बरोबर बसला. फार काही विचार केला असं नाही. वही रिकाम्या जागेसकट त्याच्या हाती गेली असती तर तो गावी प्रत्येकाला ती जागा दाखवून सांगत बसला असता की इथे माझ्या मित्रांचा फोटो होता, जळला. तेवढं मला झेपेना.

खोलीत सामान बांधलेलं होतं. कवी गादीच्या वळकटीवर बसला, मी ट्रंकेवर. वहिनी आत भांडी गोणीत भरत होत्या. त्याने पहिल्या पानापासून वही चाळायला घेतली. होळीच्या फोटोला हसला, माझ्या वडिलांच्या फोटोशी थांबला. मग ते पान आलं.

 त्याने वही खिडकीकडे नेऊन उजेडात धरली.

"हे तूच ना?"

"हो."

"खीर का?"

"हो."

"पोट बिघडलं होतं तुझं."

"नव्हतं बिघडलं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. कवीने वही मांडीवर ठेवली. मला वाटलं ओरडेल, हात उगारेल. मी त्याचीच वाट बघत होतो, त्याने मला बरं वाटलं असतं.

"टाकलीस ते एक वेळ समजंल मला," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, रोजचा. "तुमच्याकडं पिढ्यांची सवय हाय. पण मी कविता वाचली तवा तू 'वा' म्हणालास. तुला सगळं ठावं होतं, आन् तू 'वा' म्हणालास. आन् ही एवढ्या चांगल्या अक्षरात लिवलीस."

मी काहीतरी बोलायला लागलो. आजी, गाव, लाज, असं काहीतरी. त्याने ऐकून घेतलं नाही. उजवं पान शिवणीपाशी दाबून धरलं आणि वरून खाली सावकाश फाडलं, एकही अक्षर न दुखावता. घडी घातली, खिशात ठेवली. वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

"कविता माझी हाय," तो म्हणाला. "फोटो तुझा. तू ठेव."

वहिनी दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी घरी आलेल्या माणसाला विचारायचं म्हणून विचारलं, "च्या ठिवू का? स्टो बांधायचा हाय अजून."

"नको," कवी माझ्याकडे न बघता म्हणाला. "त्याचं पोट बरं नसतंय."

मी वही घेऊन जिना उतरलो. वळणावरची झुडपं केव्हाच गेली होती, तिथे एका इमारतीचा पाया खणला होता आणि त्यात हिरवं पाणी साचलं होतं. वही त्यात टाकावी असं क्षणभर वाटलं. नाही टाकली. वहीत वडील होते.

संध्याकाळी मोरवेकर घरी आला. "दिली वही? काय म्हनला? रडला असंल."

"दिली," मी म्हणालो. "रडला."

ती वही माझ्या कपाटात आहे. मोरवेकरच्या लेखी ती मराठवाड्यात आहे. आता आम्ही दोघेच अधूनमधून भेटतो, त्याच्या गुडघ्यांचं, माझ्या साखरेचं बोलतो. मग कधीतरी तो म्हणतो, "कव्याला पत्र टाकू, वही मागवू एकदा. बघू तरी आपली तोंडं." मी म्हणतो, "पत्ता कुठंय त्याचा?" पत्ता माझ्याकडे आहे. ते गावी गेल्यावर पहिल्या वर्षी वहिनींनी माझ्या बायकोला कार्ड पाठवलं होतं, मुलीच्या वाढदिवसाला. त्यावर तो स्वच्छ लिहिलेला होता. बायकोने उत्तर लिहून माझ्याकडे पोस्टात टाकायला दिलं, ते मी टाकलं नाही. तिने आत खिरीची कृती विचारली होती.